त्र्यंबकाचा बंगला

नाव ऐकून येणारे कधी कधी बेल घेऊन येतात.
पाखाडी चढून दमतात, पिंड शोधतात.
पिंड नाही इथे. ट्रेंबाथ नावाचा साहेब होता,
मिठाच्या जकातीवर.
कातळवेळच्या जिभेवर तिसऱ्याच दिवशी त्र्यंबक झाला
आणि गेल्यावरही तसाच राहिला.

मी आलो टेप घेऊन. सकीनाबाई परकारांचा
कुवेतहून फोन होता:
गळती कुठे, खर्च किती,
आणि ते धुराडं पाडलं
तर कौलं सरळ बसतील ना?

भिंत पावणेदोन हात. जांभा.
खाणीत ओला असतो तेव्हा कुऱ्हाडीला ऐकतो,
वारा लागला की कुणाचं ऐकत नाही.
सांध्यात शिंपल्यांचा चुना,
नखाने खरवडला तर अजून
न जळालेली कालवाची कड हाताला लागते.

साहेबाला बापाच्या शेतावरचं घर हवं होतं,
जसंच्या तसं. कागदावर काढून दिलं:
खिडक्या हातभर, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून,
दार पश्चिमेला, समुद्र दिसावा म्हणून.
सोनू पाथरवटाने एवढंच विचारलं म्हणतात,
"आणि पावसात दार धरून कोण बसायचा?"
त्याचं उत्तर आषाढाने दिलं.
पुढची पडवी नंतरची. कागदावर नव्हती ती.
चिरे घाईचे, ओळंबा दोन बोटं चुकलेला,
पण दीडशेवर पावसाळे तीच झेलते आहे.

दारावरची शिळा काळी,
महाडाहून पडावातून खाडीने उतरवलेली.
तिच्यावर साल: 18४7.
बाकीचे आकडे कागदात बघून बघून कोरले,
चाराशी हात आपल्या वळणाने गेला.
साहेब हसला की चिडला, कुणी सांगत नाही.
काळ्या दगडात खाडाखोड होत नाही.

राहिलं धुराडं.
बैठकीच्या भिंतीत वाकून उभं राहता येईल एवढं चुलवाण,
आणि तिथे काही शिजायचं नाही!
गाव म्हणालं, देव्हारा असेल त्यांचा.
चार वर्षं पेटलं नाही.
पाचव्या वैशाखात, भर दुपारी,
आंबे पिकून पडत होते तेव्हा
बंगल्यातून धूर निघाला.
खारवी वाळूवरून पळत आले, कळश्या, घमेली,
कुणी डोलातलं पाणी तसंच उचलून.
आत साहेब खुर्ची फोडून जाळत होता.
चार घोंगड्यांखाली मडम
हिवतापाने दात वाजवत होती,
आणि तो तिच्या भाषेत काही विचारत होता, पुन्हा पुन्हा.
मंडळी पाणी घेऊन उंबऱ्याशी उभी राहिली.
मग एकेकाने कळशी पडवीत ठेवली
आणि जाऊन लाकडं आणली.

त्यापुढचं वेगवेगळं सांगतात.
लिलाव, मग परकार.
जाड भिंती बघून सोसायटीने बारा वर्षं बर्फ ठेवला,
त्या मिठाच्या पाण्याने खालचे तीन थर खाल्ले,
ते बदलायला हवेत. चुलवाणात कोंबड्या.
सकीनाबाई लहानपणी तिथेच लपायच्या,
फोनवर त्यांनीच सांगितलं, आणि लगेच म्हणाल्या,
पण ते आता कशाला, खर्चाचं बोला.

मी आत वाकून हात वर घातला,
खांद्यापर्यंत.
गार होतं. वाऱ्याचा बारीक आवाज.
हात काढला तर काळा.

अंदाजपत्रक परसातल्या नळाशी बसून लिहिलं:
रीफ, वाशे, कौलं नऊशे,
पायाकडचे चिरे एकशे दहा.
"आणि धुराडं?"
म्हटलं, राहू द्या. वर चार खुरांवर पत्रा बसवतो,
पाणी अडेल.
"का हो?"
पाकोळ्यांनी घर केलंय, म्हटलं.
खोटं नव्हतं. दोन होत्या.
काजळी राखेने घासली, मातीने घासली.
नखांच्या कडांना राहिली ती राहिलीच.